‘पुट ऑफ’ आणि आपले भिजत घोंगडे

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत मी सायंकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. गेल्या महिन्यात तेथे कागल तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ या वाक्याचे भाषांतर ‘त्या वासाने माझे जेवण पुढे ढकलले’ असे केले. तिने शब्दार्थ चोख पाठ केला होता. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत ‘पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे’ एवढेच समीकरण असते आणि वर्गात आम्ही शिक्षकही वर्षानुवर्षे तेच सांगत आलो आहोत. तिने विचारले, “सर, एकाच क्रियापदाला लांबणीवर टाकणं आणि किळस येणं हे दोन अर्थ आले कुठून?” त्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करत राहिलो, आणि हा लेख त्यातूनच आला आहे.

‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘ऑफ’ म्हणजे दूर, बाजूला. काम आजच्या दिवसापासून दूर ठेवले की ते पुढे ढकलले जाते. वासामुळे मन अन्नापासून दूर झाले की जेवण नकोसे होते. लिहिताना शेजारी कोणी सतत बोलू लागले आणि चित्त कागदावरून हलले, तरी इंग्रजी माणूस ‘यू आर पुटिंग मी ऑफ’ असेच म्हणतो. बसवाहकाने प्रवाशाला बिंदू चौकात उतरवून दिले, तर तेथेही ब्रिटिश इंग्रजीत हेच क्रियापद चालते. दूर सारण्याची क्रिया सगळीकडे एकच आहे, फक्त काय दूर सारले जाते ते बदलते. त्या विद्यार्थिनीच्या वाक्याला मराठीत ‘त्या वासाने माझी अन्नावरची वासनाच उडाली’ हा नेमका पर्याय आहे, आणि या ‘उडाली’मध्येही दूर जाणे आहेच, हे लक्षात आल्यावर तिला पुन्हा पाठांतर करावे लागले नाही.

विलंबाच्या अर्थाचे समानार्थी शब्द पाहताना मात्र अधिक सावध राहावे लागते. ‘पोस्टपोन’ हा लॅटिनमधून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘नंतर ठेवणे’ असा आहे. तो सूचनापत्रात शोभतो, तर ‘पुट ऑफ’ बोलण्यात. ‘डिफर’ कार्यालयीन आहे. ‘ॲडजर्न’ सभेसाठी आणि न्यायालयासाठी. त्याच्या मुळाशी फ्रेंचमधला ‘दिवस’ आहे, म्हणजे ठरावीक दिवसापर्यंत थांबवणे, आणि त्याला आपल्याकडे ‘तहकूब करणे’ हा तयार शब्द आहे. ‘शेल्व्ह’ला, म्हणजे शब्दशः फळीवर ठेवून देण्याला, ‘बासनात गुंडाळणे’ इतके चपखल बसते, की फळी आणि बासन यांतला फरकही जाणवत नाही. ‘प्रोक्रॅस्टिनेट’मध्ये लॅटिन ‘क्रास’ म्हणजे ‘उद्या’ दडलेला आहे, त्यामुळे आपले ‘आजउद्या करणे’ त्याचे अगदी सख्खे भावंड ठरते. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत ‘दीर्घसूत्री’ हा शब्द येतो, तेथे हाच दोष लांबत जाणाऱ्या सुताच्या रूपाने सांगितला आहे. ‘कॉल ऑफ’ मात्र या कुळातला नाही. त्याचा अर्थ रद्द करणे असा आहे, आणि परीक्षेच्या तारखेकडे डोळे लावून बसलेल्या मुलांना ‘पुढे ढकलली’ आणि ‘रद्द झाली’ यांतला फरक मी समजावून सांगण्याची गरज नाही.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की ‘पुट ऑफ’ हे क्रियापद ढकलणाऱ्याच्या मनात काय होते ते स्वतःहून सांगत नाही. ते पुढच्यामागच्या शब्दांवरून ओळखावे लागते. मराठी क्रियापद निवडतानाच निवाडा करते. सोयीसाठी ‘पुढे ढकलले’, मन होत नाही म्हणून ‘चालढकल केली’, द्यायचेच नाही म्हणून ‘टाळाटाळ केली’, समोरच्याला थकवायचे म्हणून ‘वेळकाढूपणा केला’, नुसत्या आश्वासनांवर परत पाठवले तर ‘बोळवण केली’, आणि कोणीच निर्णय घेत नसेल तर ‘भिजत घोंगडे’. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे ही मागणी चार दशकांहून अधिक काळ चालू होती; त्या काळात आम्ही या प्रश्नाला भिजत घोंगडेच म्हणत आलो, आणि 18 ऑगस्ट 2025 रोजी येथे सर्किट बेंचचे, म्हणजे उच्च न्यायालयाच्या फिरत्या पीठाचे, कामकाज सुरू झाले तेव्हा तो शब्द निदान त्या एका विषयापुरता सुटला.

निवाडा चुकू शकतो, हेही मी पाहिले आहे. पावसाळ्यात मी भेट देण्यासाठी एक चपलांचा जोड बांधायला टाकला होता. कारागीर मामांनी तीनदा “उद्या या” सांगितले, आणि मी मनात ‘टाळाटाळ’ हा शब्द पक्का केला. तिसऱ्या वेळी त्यांनी तळाचे चामडे माझ्या हातात दिले आणि अंगठ्याने दाबायला सांगितले. दाबले तसा तेथे गडद ठसा उमटला आणि हळूहळू पुसट झाला. बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा तुरट वास हाताला लागला. “अजून ओलं हाय सर. आत्ता शिवलं तर चार दिवसांत ढिलं पडंल,” ते म्हणाले. हा ‘पुट ऑफ’ नव्हता, ‘हेल्ड अप’ होता. काम त्यांनी टाळले नव्हते, हवेने खोळंबले होते. ‘घोडे कुठे अडले?’ हा आपला प्रश्न अशाच वेळी विचारायचा असतो, आणि तो मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

व्याकरणाचे थोडेसे. ‘पुट ऑफ’नंतर दुसरे क्रियापद आले तर ते ‘गोइंग’, ‘पेइंग’ अशा रूपातच येते; ‘पुट ऑफ टू गो’ चुकीचे आहे. सर्वनाम मध्येच बसते, म्हणून ‘पुट इट ऑफ’ म्हणावे, ‘पुट ऑफ इट’ नव्हे.

वर्ग सुटल्यावर त्याच विद्यार्थिनीने ‘होल्ड ऑफ’चे विचारले. मी ‘द रेन हेल्ड ऑफ’ हे वाक्य दिले आणि सामना संपेपर्यंत पाऊस आला नाही, असा प्रसंगही सांगितला. तिने क्षणभर विचार करून वहीत लिहिले, ‘पावसाने ओढ दिली’. घरी शेती असल्याने तिला तेच शब्द सुचले. अर्थ जुळतो, पण इंग्रजी वाक्यात बहुधा सुटकेचा निःश्वास असतो आणि ‘ओढ दिली’ म्हणताना माणूस वाळत्या रोपांकडे पाहत असतो. ते वाक्य मी खोडले नाही. त्याखाली ‘सामना संपेपर्यंत पाऊस थांबून राहिला’ असे दुसरे लिहायला सांगितले, आणि दोन्ही वाक्ये आता तिच्या वहीत एकाखाली एक आहेत.