ओलुया आणि नेवेरा

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या झादार शहरात मी क्रोएशियन-इंग्रजी भाषांतराचं काम करते. त्या दिवशी एका अपघाताचे कागद आले. ऑगस्टमध्ये एका इंग्रज जोडप्याची शिडाची बोट नांगर सुटून खडकावर आपटली होती. विमा इथल्या कंपनीचा, वकील लंडनचे. पॉलिसी, हवामानाचा दाखला आणि किनाऱ्यावरच्या एका आजींचा जबाब, सगळं रात्रीपर्यंत इंग्रजीत हवं होतं.

पॉलिसीत भरपाई होती 'ओलुया' झाली तर. कुठलाही शब्दकोश उघडा, ओलुया म्हणजे 'स्टॉर्म'. १९९५च्या 'ओलुया' या लष्करी मोहिमेलाही जग 'ऑपरेशन स्टॉर्म' म्हणतं. पण दर्यावरची इंग्रजी फार काटेकोर. वाऱ्याचा जोर पायऱ्यांनी सांगणाऱ्या बोफर्ट मापनात 'स्टॉर्म' दहाव्या पायरीला लागतं, ४८ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे ८९ किलोमीटरला. इथल्या विम्याच्या अटींत ओलुया आठव्या पायरीपासूनच धरतात: सेकंदाला १७.२ मीटर, ताशी ६२ किलोमीटर. इंग्रज खलाशी त्याला 'गेल' म्हणेल. आणि दाखल्यात वारा होता ताशी सत्तरच्या आसपास! नुसतं 'स्टॉर्म' लिहिलं असतं तर लंडनमध्ये वाचणाऱ्याला दावा पहिल्याच पानावर बुडालेला दिसला असता. वकिलांना एकच सुटसुटीत शब्द हवा होता. मी हटले नाही. 'ओलुया' तसाच ठेवला आणि त्याच वाक्यात वेगाचा आकडा घातला.

आजींच्या जबाबात ओलुया नव्हतीच. त्या म्हणाल्या होत्या 'नेवेरा'. इथे प्रत्येक वाऱ्याला वेगळं नाव. बुरा वेलेबित डोंगरावरून थंड, कोरडी, झटके देत उतरते. युगो दमट, दिवसेंदिवस लाटा फुगवत राहतो. नेवेरा उन्हाळ्यातली, पश्चिमेकडून येणारी, आपल्या वळवासारखी बघता बघता अंगावर कोसळणारी. कंपनीचं म्हणणं होतं की जोडप्याने वेळीच आसऱ्याला जायला हवं होतं. त्यामुळे तिचं अचानक येणं इंग्रजीत उतरलंच पाहिजे होतं. मी 'पश्चिमेकडून अचानक आलेलं स्क्वॉल', म्हणजे वाऱ्याचा झंझावात, असं लिहिलं.

खरी अडले ती पुढच्या ओळीला. बोटीवरून आजींना 'झापोमागान्ये' ऐकू आलं होतं. कंपनीच्या इंग्रजी सारांशात तिथे फक्त 'शाउटिंग' होतं. साध्या आरड्याओरड्याला इथे 'विका' म्हणतात, किंकाळीला 'व्रिसाक'. या शब्दाच्या पोटात मात्र 'पोमोच' आहे, मदत. वकिलांना विचारून मी आजींना फोन केला.

"तेता (मावशी), बोटीवरचे ते दोघं घाबरून ओरडत होते का?"

"अगं, वाचवा म्हणून टाहो फोडत होते! नाहीतर माझा मुलगा तसल्या वाऱ्यात होडी कशाला लोटेल?"

मी 'क्राइज फॉर हेल्प' लिहिलं. सोबतच्या टिपणात सारांशातला 'शाउटिंग' चुकीचा का, तेही सविस्तर मांडलं आणि वकिलांना पाठवून दिलं.