परत सोडायचाच तर

10 मे, शनिवार

लायलॅकची जांभळी फुलं फुलली की स्ट्रायपर, म्हणजे समुद्रातून नदीत येणारे पट्टेरी मासे, वर चढले, असं इथले जुने लोक सांगतात. आमच्या गल्लीतली लायलॅक मंगळवारीच फुलली होती. मला सवड मिळाली ती आज. परवा पौर्णिमा, म्हणजे पाण्याला उधाणाचा जोर. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गच्या खालच्या अंगाला दगडांवर जाऊन बसलो तेव्हा भरतीची वेळ टळून तास होऊन गेला होता, तरी हडसन नदी अजून उत्तरेकडेच वाहत होती. पातळी उतरायला लागलेली आणि प्रवाह मात्र वरच्याच दिशेला, हे इथलं नेहमीचं. कोकणात कालावलच्या खाडीत आम्ही दगडावरची ओली रेघ बघून सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की नाही ते सांगायचो. इथे त्या रेघेवर विसंबून चालत नाही, तरंगत जाणारी काटकी बघावी लागते. समुद्रापासून ट्रॉयच्या बंधाऱ्यापर्यंत जवळजवळ 245 किलोमीटर ही नदी भरती-ओहोटीच्या तालावर चालते.

आमिष म्हणून ब्लडवर्म, म्हणजे चिखलातले लाल किडे, नेले होते. हे किडे मेन राज्याच्या चिखलातून खणून काढतात आणि भाव असा लावतात की डझनभर घेताना दोनदा विचार करावा. चिमटीत धरला की हा प्राणी तोंडाकडून आतली सोंड फुगवून बाहेर काढतो आणि तिच्या टोकाला चार काळे दात दिसतात. चावला तर गांधीलमाशी चावल्यासारखं झोंबतं. म्हणून मी आधी डोकं बाहेर यायची वाट बघतो, मग त्याच्या मागे धरून गरीत ओवतो. हात लालभडक होतात. हेरिंग हा आमिषाचा छोटा मासा मिळाला असता तर किड्यांच्या वाटेला गेलोच नसतो, पण आज हेरिंग किनाऱ्याकडे फिरकलंच नाही.

आमिष लावायचं तर गोल वळणाची गरीच वापरायची, असा नियम आहे. ती माशाच्या घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसते. मात्र हिसका द्यायचा नाही. काठी वाकली की शांतपणे रीळ फिरवत राहायचं. लहानपणापासून हातदोरीने गरवलेल्या माणसाला हे शिकणं अवघड. मासा लागल्याचं बोटांना कळलं की खांदा आपोआप मागे जातो. आज खांद्याने ऐकलं.

नऊच्या पुढे काठी लवली. आधी दोन टिचक्या, मग सरळ खाली. स्ट्रायपर उड्या मारत नाही, तो प्रवाहाच्या आधाराने तळाशी जड होऊन बसतो आणि दोरी मागत राहतो. जवळ आला तेव्हा उन्हात त्याचे पट्टे दिसले, चंदेरी अंगावर शाईने ओढावेत तसे, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत. सव्वीस इंच भरला. खालच्या ओठाला अंगठा लावून धरला, तर बारीक दातांनी अंगठ्याचं कातडं खरवडून निघालं. पोट टणक होतं, बहुधा अंडी घालायला आलेली मादी.

नियमाने हा मासा घरी नेता आला असता. हडसनमध्ये 2024 पासून 23 ते 28 इंचांमधला एकच ठेवायची मुभा आहे. त्याआधी 18 इंचांचाही चालायचा. पण घरी नेऊन करायचं काय? पन्नाशीच्या आतल्या बायकांनी आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांनी या नदीतला मासा खाऊच नये, असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. माझ्यासारख्याला थोडी सूट आहे, पण बायको आणि मुलगी वरणभात खात असताना मी एकट्याने कालवण ओरपायचं, हे मला जमणार नाही.

वरच्या भागातल्या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांनी 1947 ते 1977 या काळात नदीत पीसीबी हे विषारी रसायन सोडलं. ते गाळात बसलं आणि तिथून माशांच्या चरबीत उतरलं. 1976 मध्ये स्ट्रायपरची विक्रीसाठीची मासेमारी बंद झाली, ती आजही बंदच आहे. 2009 ते 2015 गाळ उपसला, तरी सल्ला उठलेला नाही. विषामुळे इथल्या जाळ्यांपासून मासा वाचला, असं काहीजण म्हणतात. मला ते बोलणं निलाजरं वाटतं. शेजारच्या दगडावर बसणाऱ्या म्हाताऱ्याचे वडील शॅड माशासाठी जाळी लावायचे. त्या घरात आता कुणी जाळं विणत नाही.

दक्षिणेला समोर स्टॉर्म किंग डोंगर दिसतो. 1962 मध्ये कॉन एडिसन या वीज कंपनीने तिथे नदीचं पाणी वर खेचून वीज करायचा बेत जाहीर केला. स्ट्रायपरची अंडी अर्धवट तरंगत प्रवाहाबरोबर जातात आणि दोनएक दिवसांत फुटतात. तळाच्या गाळात बसली तर गुदमरतात. म्हणजे त्यांना वाहतं पाणी हवं, आणि तेच पाणी पंप ओढणार होते. लोक कोर्टात गेले. 1965 च्या निकालाने निसर्गासाठी दाद मागायचा नागरिकांचा हक्क मान्य केला, आणि 1980 मध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. डोंगराच्या देखाव्यासाठी सुरू झालेल्या भांडणात या माशाची अंडी पुराव्याला उभी राहिली, हे मला फार आवडतं.

मादीचं तोंड प्रवाहाकडे करून शेपटीजवळ धरून ठेवलं. कल्ले नीट चालू लागले तशी तिने हात झटकला. सोडला की पुण्य लागलं असं मात्र मी मानत नाही. सोडलेल्या शंभरांतले नऊ मरतात, असं धरूनच सरकारी हिशेब होतो, आणि पाणी तापलं की धोका वाढतो. स्ट्रायपरची मोठी पैदास होते त्या चेसापीक उपसागरात 2019 पासून पिल्लं सतत कमी आहेत. म्हणून एक लागला की मी काठी गुंडाळतो, आणि जून उजाडला की इथे येतच नाही. शेजारचा म्हातारा या नियमाला हसतो. हसू दे.

घरी आल्यावर आईला फोन लावला, फोटो दाखवला. फोटो बघून ती खूश. आमच्या चोणकासारखोच दिसता, म्हणाली. चोणक अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो आणि हा समुद्र सोडून गोड्यात चढतो, हे सांगायला लागलो, पण तिचं लक्ष नव्हतं.

"आणि आता खंय आसा तो?"

"नदीत. सोडलंय."

"परत सोडूचोच आसा तर गरवतस कित्याक?"

मजा येते म्हणालो. तिला पटलं नाही, आणि खरं तर उत्तर तेवढंच आहे.

"मगे आज जेवणाक काय?"

सुरमई, म्हटलं. न्यू जर्सीच्या दुकानातली, बर्फातली.