आत्याच्या वहीतल्या पंधरा विणी

आत्याची ती वही वाण्याच्या दुकानात असते तशी लांबट, लाल पुठ्ठ्याची. पानापानावर तीन-तीन इंचांचे विणलेले तुकडे दोऱ्याने टाचलेले आणि त्यांच्याखाली पेन्सिलीने ‘१ली ओळ – २ सु, २ उ’ अशा नोंदी. सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट. वरच्या कोपऱ्यात गावाचं नाव: कोरेगाव, वडूज, मेढा, फलटण. आत्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांमधून शिकवायची. जिथे बदली होईल तिथल्या बायकांकडून एखादी नवी वीण उतरवून घ्यायची आणि तिचा नमुना वहीत टाचायची. असे बावीस नमुने आहेत. आता तिच्या बोटांची पेरं सुजतात, सुया धरवत नाहीत. गेल्या जूनमध्ये ती वही तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “बघ, तुझ्या काही उपयोगाची असली तर.”

बाळंतविड्याची टोपडी, मोजे, दोन-तीन स्वेटर एवढं मी विणलेलं होतं. पण ही वही मला कपाटात ठेवायची नव्हती. यातल्या पंधरा विणी घ्यायच्या, प्रत्येकीचे दोन चौकोन, असे तीस चौकोन जोडून आत्यासाठीच ब्लँकेट करायचं ठरवलं. चौकोन २० सेंटिमीटरचा, आडवे पाच, उभे सहा. खुर्चीत बसून मांडीवरून पायांपर्यंत घेता येईल इतकं. लोकर एकाच रंगाची, सायीच्या रंगाची घेतली. गडद किंवा रंगीबेरंगी लोकरीत विणीचे चढउतार दिसतच नाहीत, आणि मला तर विणीच दाखवायच्या होत्या. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटर भरते. नव्याने शिकणाऱ्या मुली इथे हमखास गोंधळतात, म्हणून सांगून ठेवते.

पहिल्या आठवड्यातच अडले. मी सगळ्या चौकोनांना सारखेच ४० टाके घातले होते. साबुदाणा वीण बरोबर २० सेंटिमीटर भरली. साधी सुलट-उलट १८ झाली. वेणी जेमतेम साडेपंधरा. तिन्ही तुकडे पलंगावर शेजारी ठेवले तर तीन वेगवेगळ्या माणसांनी विणल्यासारखे दिसायला लागले. आत्याला नेऊन दाखवले. तिने वेणीचा तुकडा दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि म्हणाली, “अगं, वेणी टाके खाते. तिला जास्त वाढायला नको का?”

हे नीट समजून घ्यायला मला पंधरा दिवस लागले. वेणीत तीन टाके तीन टाक्यांच्या अंगावर चढतात, म्हणजे सहा टाक्यांची रुंदी आकसते. रिबमध्ये सुलट खांब पुढे येतात, उलट मागे दडतात, कापड मिटतं. साबुदाण्यात सुलटावर उलट आणि उलटावर सुलट येतं, त्यामुळे ते सपाट आणि ऐसपैस बसतं. खऱ्या लोकरीचं असतं तर भिजवून, टाचण्या लावून थोडं ओढूनताणून सारखं करता आलं असतं. बाजारात आपण लोकर म्हणून घेतो ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. ती नुसत्या पाण्याने आकार धरत नाही, आणि गरम इस्त्री टेकवली तर मरते, लोळागोळा होते. तेव्हा माप सुईवर असतानाच साधायला हवं.

मग प्रत्येक विणीचा आधी हातभर पट्टा विणायचा, १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं आणि वहीत त्या नमुन्याखाली शाईने लिहायचं, असं सुरू केलं. आत्याच्या नोंदींत ओळी होत्या, पण मापं कुठेच नव्हती. तिला ती लिहावी लागली नसणार, तिचा हातच मोजत होता.

चौकोनाला चारी बाजूंनी एकसारखी चौकट असली की शिवताना सोपं जातं आणि साधी वीण कडेने वळतही नाही. सगळ्या ओळी सुलट विणून चौकट केली तर कडा आखडून मधे फुगवटा आला, कारण त्या विणीच्या ओळी फार दाट बसतात. उसवलं. आत्या म्हणाली, साबुदाण्याची कर. ती बसली. शेवटी असं ठरलं: ४० टाके घालायचे, सहा ओळी साबुदाणा, मग दोन्ही कडांना चार-चार टाके साबुदाण्याचे ठेवून मधल्या ३२ टाक्यांवर वीण. साबुदाण्याच्या चौकोनाला ३२ पुरतात. वेणीला मधली वीण सुरू करतानाच दहा टाके वाढवून ४२ करायचे आणि वरची चौकट सुरू करण्याआधी दहा कमी करायचे. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून, पीळ देऊन विणला की भोक पडत नाही.

वेणी मला सगळ्यात आवडली. तीन टाके जोडसुईवर, म्हणजे टाके तेवढ्यापुरते धरायच्या छोट्या सुईवर, काढून पुढे धरायचे, पुढचे तीन विणायचे, मग जोडसुईवरचे. पुढे धरले तर वेणी डावीकडे झुकते, मागे धरले तर उजवीकडे. आठव्या ओळीला पीळ. आत्या जोडसुई म्हणून सायकलच्या तारेचा तुकडा वापरायची, दोन्ही टोकं फरशीवर घासून गुळगुळीत केलेला. तो वहीच्या पुठ्ठ्यात खोचलेला सापडला. तीसही चौकोन होईपर्यंत मी तोच वापरला.

जाळीने मात्र रडवलं. प्रत्येक भोकासाठी सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यायचा म्हणजे एक टाका वाढतो, आणि तो फेडायला शेजारी दोन टाके एकत्र विणायचे. एक जोडी विसरली की नक्षीतली सगळी पानं तिरकी होतात, आणि चूक कळते चार ओळी वर गेल्यावर. जाळी उसवताना टाके असे पळतात की परत सुईवर घेणं मुश्किल. तीन वेळा मुळापासून उसवल्यावर दर दहाव्या ओळीला सगळ्या टाक्यांतून लाल शिवणदोरा ओवून ठेवायला लागले. चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं, खालचं शाबूत राहतं. ऑगस्टमधली गोष्ट. साताऱ्याच्या पावसात सुया दमट बोटांना चिकटायच्या. समोर अजिंक्यतारा दिवसदिवस ढगात, दुपारीसुद्धा दिवा लावून टाके मोजायचे.

आत्याच्या अंगावर त्या दिवसांत माणदेशातली काळी घोंगडी असायची. तिच्याकडे बघून माझ्या मनात आलं, मराठीत दोन्हीला आपण ‘विणणं’च म्हणतो. घोंगडीचा उभा धागा आणि आडवा धागा वेगळा, उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावून तो कडक करतात, मागावर ताणतात. एखादा धागा तुटला तरी बाकीचे जागेवर राहतात. माझ्या हातातल्या चौकोनात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच धागा होता, प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या आधाराने उभा. एक गळला तर शिडी थेट तळापर्यंत. ती शिडी क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर चढवता येते हे मी याच ब्लँकेटवर शिकले.

ऑक्टोबरमध्ये लोकर संपत आली. मी सुरुवातीला २०० ग्रॅमची तीनच पुडकी आणली होती. चौथं आणलं ते त्याच नंबरच्या रंगाचं, पण वेगळ्या लॉटचं, म्हणजे वेगळ्या खेपेला रंगवलेलं. लेबलावर रंगाचा नंबर असतो तसा लॉटचाही असतो, तो मी पाहिला नव्हता. दुकानातल्या उजेडात काही कळलं नाही. घरी गॅलरीत धरलं तर नवी लोकर किंचित पिवळी. वाईट वाटलं. चोवीस चौकोन झाले होते, सहा राहिले होते. मग सहाही आडव्या ओळींत प्रत्येकी एक नवा चौकोन, दर वेळी वेगळ्या जागी, असं मांडून बघितलं आणि भोवतीची किनारही त्याच लोकरीची धरली. चुकून आलेला रंग मुद्दाम घेतल्यासारखा दिसायला लागला. तरी माझं सांगणं हेच की सगळी लोकर एकदम घ्या.

जोडणीला बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई घेतली. दोन चौकोन सुलट बाजूने शेजारी ठेवायचे, एकदा इकडच्या कडेच्या टाक्याआतला आडवा धागा उचलायचा, एकदा तिकडचा, आणि चार-पाच घेऊन झाले की हळूच ओढायचं. शिवण आत गडप होते. दोन वेगळ्या विणींच्या ओळी मात्र सारख्या नसतात, त्यामुळे ओळीला ओळ लावत गेलं तर शेवटी एक चौकोन बोटभर उरतो. आधी कोपरे टाचायचे, मग मध्य, मग उरलेलं वाटून घ्यायचं. किनारीला गोल सुईवर प्रत्येक चौकोनाचे ४० टाके उचलले: रुंदीला २००, उंचीला २४०.

एका नमुन्याबद्दल सांगायचं राहिलं. वहीच्या शेवटच्या पानावर एक तुकडा होता, त्याच्याखाली ओळी नाहीत, गाव नाही. छोटे छोटे टपोरे दाणे, महाबळेश्वरच्या तुतीसारखे. भिंगातून बघून, एका कोपऱ्यातून उसवत उसवत मी तो सोडवला. एका टाक्यातच सुलट, उलट, सुलट असे तीन काढायचे, पुढचे तीन एकत्र उलट विणून एक करायचा. मधली ओळ सगळी उलट, आणि पुढच्या खेपेला तीन काढले होते तिथे एक करायचा, एक केला होता तिथे तीन काढायचे. टाके वाढतात तितकेच मिटतात, पण कापड घट्ट आकसतं. ३२ वर तो चौकोन अगदीच चिमटला.

संक्रांतीच्या आठवड्यात ब्लँकेट आत्याच्या मांडीवर पसरलं. तिने चष्मा काढून ठेवला आणि बोटांनीच बघायला लागली. “साबुदाणा. चटई. ही कोरेगावची वेणी.” तुतीवर हात आला आणि थांबला. बराच वेळ ती दाणे चाचपत राहिली.

“ही मेढ्याची,” ती म्हणाली. “शेजारच्या बाईंनी शिकवली. लिहून घ्यायच्या आधी माझी बदली झाली.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “किती टाक्यांवर बसली?”

“मधे ४४.”

“वहीत लिही. आणि वर मेढा घाल.”