ऑडी टीटी शोधमोहीम, सोलापूर: नवीन अपडेट

मंडळी, सेकंडहँड ऑडी टीटी या स्पोर्ट्स कारचा शोध अजून चालूच आहे. सेकंड जनरेशन टीटी (कंपनीचा कोड ८जे), २.० टीएफएसआय म्हणजे दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, हे पक्कं. मागच्या आठवड्यात पुण्याला जाऊन एक लाल बघितली, रनिंग एकदम कमी, कव्हर घालून पार्किंगमध्येच ठेवलेली, दिसायला कडक, आणि तरी सोडली. कारण या गाडीत मी रनिंगपेक्षा बिलं बघतो.

ती २०० पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) वाली होती, म्हणजे ईए११३ नावाचं इंजिन, टायमिंग बेल्टवालं. रबरी बेल्ट गाडी उभी असली तरी म्हातारा होतोच, आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून डायरेक्ट इंजिनाच्या हेडचं काम. बदलल्याचं बिल नाही. त्याहून मोठी भीती कॅम फॉलोअरची. हाय प्रेशर फ्युएल पंप कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चालतो, दोघांच्या मधे छोटी स्टीलची वाटी असते, ती घासून भोक पडलं की कॅमशाफ्ट पण जातो. वाटी स्वस्त आहे, पंप काढला की लगेच दिसते, पण मालक पंप काढू देईनात, मग विषय संपला.

२०१० च्या फेसलिफ्टला (त्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती) २११ पीएसचं ईए८८८ इंजिन आलं, त्यात बेल्टऐवजी चेन आहे, पण म्हणून निवांत नाही. सुरुवातीचे टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) कच्चे, शिवाय ऑइल पिण्याची तक्रार. म्हणून बघायला सकाळीच जा, गाडी आधी चालू करून ठेवू नका म्हणून फोनवरच सांगा, बॉनेटला हात लावून गार आहे का बघा आणि मग स्टार्ट करताना कान लावा, खडखड आली तर टेन्शनर तपासल्याशिवाय पैशाचं बोलूच नका. याच इंजिनाची वॉटर पंप-थर्मोस्टॅटची प्लॅस्टिक हाउसिंग पण लीक होते, आणि आपल्याकडं मे महिन्यात ४२ च्या वर पारा, त्यामुळं कूलंट मी दोनदा बघतो.

सहा गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर दर ६०,००० किमीला तिचं ऑइल, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी असेल तर हॅल्डेक्सचं (मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच) ऑइल वेगळं, हे बरेच जण विसरतात.

कागदाचं पण बघा, २००९ ची गाडी म्हणजे आरसीची १५ वर्षं संपली, फिटनेस करून ५ वर्षांचं रिन्यूअल आणि वर पर्यावरण कर.

आता हैदराबादची एक फेसलिफ्ट बघायचीय, एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच ऑफर देणार. सोलापुरात कुणाकडं व्हीसीडीएस केबल (लॅपटॉपवर गाडीतले फॉल्ट कोड वाचायची) असेल तर सांगा, सोबत न्यायचीय.