लिनक्स टाकलं आणि वायफाय गायब? परत विंडोज टाकायच्या आधी हे पाहा

नागपूर-अमरावतीहून सेकंडहँड आणलेल्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं की बऱ्याचदा वायफायच दिसत नाही. मग लोक पिशवीत लॅपटॉप घालून तालुक्याची एसटी धरतात. त्याची गरज नसते, दोष बहुतेक वेळा घरीच सापडतो. खालच्या कमांड टर्मिनलमध्ये (कमांड लिहायची खिडकी) इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.

सगळ्यात आधी ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list). ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएनसोबतची वायफायची की दाबा. फक्त ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने (sudo rfkill unblock wifi) काम होतं.

ते ठीक असेल तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ (lspci -nnk). यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा आणि तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ आहे का बघा. ती ओळच नसेल तर वायफाय कार्डाला ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, मिळालेला नाही. चौकोनी कंसातला आकडा १४ई४ने (14e4) सुरू होत असेल तर कार्ड ब्रॉडकॉम कंपनीचं. जुन्या लॅपटॉपमध्ये ही कार्डं भरपूर आहेत, आणि यांतल्या कित्येकांचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.

पण ड्रायव्हरला नेट लागतं आणि नेटला ड्रायव्हर! इथेच माणूस अडकतो. उपाय खिशातच आहे. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा, फोनचा मोबाइल डेटा चालू करा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ लावा. लिनक्सला यासाठी सहसा काहीच टाकावं लागत नाही. टेदरिंगचा पर्याय फिकट दिसत असेल तर केबल बदला. काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्याच तारा असतात.

नेट आलं की ब्रॉडकॉमच्या कार्डासाठी उबंटू-मिंट या लिनक्सवर ‘सुडो एपीटी अपडेट’ (sudo apt update), मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’ (sudo apt install bcmwl-kernel-source). हे पॅकेज तुमच्या कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) ड्रायव्हर तिथल्या तिथं तयार करतं, म्हणून मध्येच लाइन जाणार नाही अशी वेळ निवडा, नाहीतर बॅटरी तरी भरून ठेवा. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेले प्रोग्राम चालू देणारी सोय) चालू असेल तर पासवर्ड मागितला जातो. तो कागदावर लिहून ठेवा, कारण रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यायचा असतो. ही पायरी सुटली तर ड्रायव्हर असूनही लोड होत नाही.

वायफाय जोडलेलं, पण सारखं तुटतं? ‘आयडब्ल्यू डेव्ह’ने (iw dev) कार्डाचं नाव मिळवा, मग एकाच ओळीत ‘आयडब्ल्यू डेव्ह’, ते नाव आणि ‘लिंक’ (link). सिग्नल उणे ६५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ८०च्या खाली गेला तर तुटायची शक्यता बरीच. मातीच्या जाड भिंती आणि टिनाचे पत्रे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फार खातात. अशा घरात २.४ घ्या. सिग्नल चांगला असूनही तुटत असेल तर पॉवर सेव्हिंगवर संशय घ्या. ‘/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी’मधल्या (/etc/NetworkManager/conf.d, यात एन आणि एम मोठे) पॉवरसेव्हच्या फाइलमध्ये ३च्या जागी २ करा आणि रीस्टार्ट द्या.

आणि जोडलेलं आहे, तुटतही नाही, तरी पान उघडत नाही, तर लॅपटॉपच्या सेटिंगला लगेच हात लावू नका. ‘आयपी रूट’मध्ये (ip route) ‘व्हाया’पुढे दिसणाऱ्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे ‘पिंग’ (ping) आणि पुढे तो पत्ता टाइप करा. उत्तर आलं तर राउटरपर्यंत सगळं ठीक. मग ८.८.८.८ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) पिंग. तिथून उत्तर येत नसेल तर फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा बघा. तो लागला असेल तर बहुतेक केबल कुठंतरी तुटली किंवा निसटली आहे.