चोरीच्या काडीचा अर्धा एकर

सप्टेंबर 2020. रात्री नऊच्या सुमारास दिंडोरी रोडवर एका ढाब्याच्या मागे माझ्या दोस्ताने गाडीच्या डिकीतून ओल्या गोणपाटात गुंडाळलेला जुडगा काढला. "माझं नाव कुठे घेऊ नको," एवढंच म्हणाला. आत कलमासाठीच्या द्राक्षाच्या काड्या होत्या, बाहेरच्या देशातून आलेल्या एका लाल द्राक्षाच्या वाणाच्या. त्या वाणाचा हक्क असलेल्या कंपनीशी त्याने करार केला होता. छाटणीची एक काडीसुद्धा बाहेर द्यायची नाही, असं त्यात लिहिलेलं होतं.

मला यात चोरी वाटलीच नाही, हे खरं सांगतो. आमच्या वडिलांच्या काळी काडी मागायला जायचं म्हणजे लोणचं मागायला जाण्यासारखं होतं. द्राक्षाचे वाण असेच आले: तास-ए-गणेश तासगावकडून, शरद सीडलेस सोलापूरच्या नान्नजहून. शेतकऱ्यानेच निवडायची आणि शेतकऱ्यानेच वाटायची. पाहुण्याकडे जेवायला गेलं की परत येताना पिशवीत काड्या असायच्याच.

दुसऱ्या दिवशी डॉगरिजच्या, म्हणजे कलमासाठीच लावतात त्या वेलीच्या, खुंटांवर पाचर मारून कलमं बांधली. अर्ध्या एकरात पाचशेच्या आसपास खुंट, दोन माणसं, दोन दिवस. वाण खरोखर गुणी निघाला. आमच्याकडे फेब्रुवारीत अवकाळी आला की आमच्या नेहमीच्या हिरव्या थॉमसन द्राक्षाचे मणी तडकतात, या लालला तसं काही झालं नाही. थिनिंगची, म्हणजे घडातले मणी विरळ करायची, मजुरीही कमी लागली. आई म्हणाली, "ही बाग पैसे देणार बरं का."

मार्च 2022 ला पहिला खरा माल आला. एक्सपोर्टचा भाव त्या दिवशी किलोला 82 रुपये होता. एक्सपोर्टचा माल भरणाऱ्या पॅकहाउसचा माणूस घड हातात घेऊन उन्हात फिरवत राहिला, एक मणी चावून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, या वाणाच्या परवान्याची यादी आमच्याकडे आहे. तुमचं नाव दिसत नाही." मी म्हटलं, कागदावर वाण थॉमसन लिहू. तो हसला. लाल द्राक्षाला थॉमसन कोण म्हणेल? आणि शंका आली तर पानावरून डीएनए तपासता येतो, हेही त्यानेच सांगितलं.

शेवटी गावातल्या व्यापाऱ्याने 38 ने उचलला. चार टन जरी पॅकिंगला बसला असता, तरी पावणेदोन लाखांचा फरक होता.

त्या रात्री भाच्याला फोन केला, तो नाशिकच्या कोर्टात वकिली करतो. तुरुंगात टाकतील का, हाच माझा पहिला प्रश्न. तो म्हणाला, "मामा, 2001 चा वाण संरक्षणाचा कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. कलम 39 बघा. नोंदलेल्या वाणाचंसुद्धा बियाणं शेतकरी ठेवू शकतो, पेरू शकतो, दुसऱ्याला देऊ-विकूही शकतो, फक्त ब्रँडच्या नावाने विकायचं नाही." मग गुजरातच्या बटाट्याची गोष्ट सांगितली. 2019 मध्ये पेप्सीकोने आपला नोंदलेला बटाट्याचा वाण लावला म्हणून तिथल्या शेतकऱ्यांवर दावे लावले, काहींवर तर कोटीच्या वरचे, आणि निवडणुकीच्या धामधुमीत बोंब झाल्यावर मागे घेतले. 2021 मध्ये त्या वाणाची नोंदणीच रद्द झाली. पुढे जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द करणंही बाजूला सारलं, तेव्हा भाच्याने मला मुद्दाम फोन करून कळवलं.

मी लगेच खूष झालो. तेव्हा तो म्हणाला, "पण तुमचा माल दिल्लीत खाणार आहेत का रॉटरडॅममध्ये?" युरोपात वेलींच्या वाणाचा हक्क 30 वर्षं चालतो, आपल्याकडे 18. आणि तिथे हक्क नुसत्या काडीवर नसतो. विनापरवाना रोपांपासून निघालेल्या फळावरही तो सांगता येतो. म्हणजे कंटेनर बंदरात अडकला तर नुकसान एक्सपोर्टरचं. तो कशाला माझ्यासाठी जोखीम घेईल? माझ्यावर ना केस झाली, ना नोटीस आली. मिळालेल्या दरानेच मला शिक्षा केली.

कंपनीचा रागही मला पूर्ण येत नाही. एक वाण तयार करायला दहा-पंधरा वर्षं जातात, हजारो रोपं फेकावी लागतात, त्याचा खर्च कुठून तरी काढणारच. पण रॉयल्टी भरायची ऐपत अर्धा-एक एकरवाल्याची नाही, आणि अवकाळी काही परवाना विचारून पडत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खरा फटका दोस्ताला बसला. त्या हंगामानंतर कंपनीची माणसं त्याच्या बागेत आली. कुणी सांगितलं माहीत नाही, मी नाही. दुसऱ्या वर्षी त्याचा माल घेतला नाही, करार गेला. दोन एकर लाल बाग, आणि घेणारा तोच गावातला व्यापारी. आता आमचं बोलणं लग्नकार्यापुरतंच राहिलंय. समोर आला की तो आधी हवामानाचं काढतो.

2023 च्या उन्हाळ्यातल्या खरड छाटणीत मी कलमं खुंटापासून कापली आणि सप्टेंबरमध्ये त्याच खुंटांवर पुन्हा थॉमसनची कलमं भरली. बोअरजवळच्या दोन वेली मात्र आईने कापू दिल्या नाहीत. मार्चमध्ये पाहुणे येतात, त्यांच्यापुढे ती ताट भरून ठेवते. कोणता वाण म्हणून विचारलं की म्हणते, "लाल."

मागच्या महिन्यात शेजारचा पोरगा आला होता. "काका, त्या बोअरजवळच्या चार काड्या द्या ना."

मी त्याला चहा दिला.