सराटे, सीना आणि शके ९४०

२५ डिसेंबर, गुरुवार, रात्री

पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहून ठेवते. उद्यावर टाकलं की ओल्या मातीचा आणि उसाच्या पाचटाचा वास निघून जातो, आणि किती किलोमीटर झाले तेवढंच लक्षात राहतं.

पहाटे सहाला भाची सायकल घेऊन दारात हजर होती. सोलापुरातून विजापूर रोडला लागलो तेव्हा अंधारच होता. हातमोजे घालूनही बोटं बधिर झाली. वडकबाळला उजाडलं. पुलावर थांबून दोघींनी खाली पाहिलं. सप्टेंबरात हीच सीना काठच्या गावांत शिरली होती, कितीतरी लोकांची जमीन खरडून गेली होती. आज दगडांमधून निवांत वाहत होती आणि कडेला बगळे उभे होते.

पूल ओलांडून थोडं पुढे गेल्यावर डांबरी सोडली आणि टायरमधली हवा कमी केली. डांबरीवर हवेचा दाब पन्नास पीएसआय, कच्च्या वाटेवर तीस. एवढ्यानं टायर मातीला धरतो आणि दगडावर सायकल उडायची थांबते. सुरुवातीचे सहा महिने हे मला माहीतच नव्हतं. मनगटं सुजली तेव्हा कळलं. भाचीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

पुढची वाट म्हणजे पाणंदच. एका हाताला हुरड्यात आलेली ज्वारी, दुसऱ्या हाताला ऊस, मधूनच बाभळी. एका बाभळीपाशी भाची थांबली आणि वर बोट करून म्हणाली, "मावशी, हे कुणी टांगलं?" माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर फांद्यांत वाळलेलं गवत, साडीचा तुकडा, ठिबकची काळी नळी, सगळं एकाच दिशेला वळून अडकलेलं. पाणी तिथपर्यंत आलं होतं. सायकलवर बसल्या बसल्या मी मान वर करून बघत राहिले. मोटारीतून गेले असते तर हे दिसलं नसतं. बातमीत वाचलेला पूर आज पहिल्यांदा माझ्या उंचीशी मोजून बघितला.

पुढे एके ठिकाणी पाट फुटून पाणंदीत पाणी आलं होतं. वीस पावलंही गेलो नसू, दोन्ही सायकली जागेवर थांबल्या. ओली काळी माती चाकावर थरावर थर चढते आणि टायर नि चिमट्याच्या मध्ये अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. अशा वेळी सायकल ढकलू नये, उचलून न्यावी. ढकलत नेली की माती चेनमध्ये जाते आणि मग गिअर दिवसभर कुरकुरतात. उचलून कोरड्यावर आणल्या आणि बाभळीच्या काटकीनं माती उकरत बसलो. अर्धा तास गेला.

तिथंच बांधावर एक आजोबा आगटी पेटवून बसले होते. आम्हाला बघून म्हणाले, "बर्री, कूड्री." म्हणजे या, बसा. दक्षिण सोलापुरात कन्नड आणि मराठी एकाच घरात नांदतात. आम्ही मराठीत बोलतोय म्हटल्यावर त्यांनीही सहज भाषा बदलली. "कुठनं आलाव? सायकलीवर? बसा बसा." गरम हुरडा हातावर चोळून, फुंकर मारून त्यांनी माझ्या ओंजळीत ओतला. सोबत शेंगाचटणी आणि गूळ. त्यांचं दोन एकर रान पुरात गेलंय. हे त्यांनी सांगितलं ते आम्ही उठताना, आणि तेही मी विचारलं म्हणून.

हत्तरसंग कुडलला पोचायला साडेअकरा झाले. उत्तरेकडून सीना येते, पश्चिमेकडून भीमा, आणि दोघी मिळून पुढे जातात. कुठलं पाणी कुणाचं हे थोडा वेळ रंगावरून ओळखता येतं, मग नाही.

काठावर दोन जुनी देवळं आहेत, संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं. हरिहरेश्वराचं देऊळ मातीत गाडलं गेलं होतं, ते उकरून काढलं. तिथलं बहुमुखी शिवलिंग प्रसिद्ध आहे, एका लिंगावर ३५९ मुखं. मोजायला सुरुवात केली की दुसऱ्या ओळीतच चुकायला होतं, कारण एकेक चेहरा बघत राहावासा वाटतो.

पण मी आले होते संगमेश्वराच्या तुळईसाठी. तिच्यावर शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव लेखांपैकी हा एक. तो उजेडात आणला आमच्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी. गावोगाव फिरून शिलालेख वाचणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. लेखाची शेवटची ओळ मी भाचीला आधी सांगितली नव्हती. मोबाइलचा उजेड तिरपा धरला, तशी अक्षरं सावलीनं उठून दिसायला लागली. ती मान वर करून हवेत बोट फिरवत लावत गेली, "वा… छि… तो… विजेया… होईवा." मग गप्प झाली. "म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल?" मी मान हलवली. तिनं पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मोठ्यानं.

मला गलबलून आलं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी घेऊन इथं उभं होतं. आजूबाजूचे कितीतरी लेख कन्नडात. त्यात हे एक मराठी वाक्य, आणि तेही राजाच्या मोठेपणाचं नाही. पुढे कधीतरी मान वर करून वाचणारा जो कोणी येईल, त्याच्यासाठी ते कोरून ठेवलंय.


२७ डिसेंबर, शनिवार, अणदूर, मैत्रिणीकडे

आज नळदुर्ग. हैदराबाद रोडवर ट्रकच्या वाऱ्यानं सायकल हलते, म्हणून बोरामणीच्या अलीकडेच डांबरी सोडून माळाला लागलो. वर्षानुवर्षं ऐकत आलेय की सोलापुराला जंगल नाही. जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दाट झाडीच येते. पण आपलं रान गवताचं आहे. कुसळी गवत, मधे एखादी बोर, एखादी हिवर, आणि खाली मुरूम. १९७९ साली नान्नजला अभयारण्य झालं तेही झाडांसाठी नव्हतं, या गवतात राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी होतं. आता तो दिसणं फार दुर्मीळ झालंय. या माळांना 'पडीक' म्हणण्याचा मला खरंच राग येतो. पडीक म्हणायचं आणि नांगरायचं, नाहीतर भूखंड पाडायचे.

काळविटं दिसली. आठ-नऊ असतील. एक काळाभोर नर मान उंच करून आमच्याकडे बघत उभा राहिला. आम्ही सायकली आडव्या ठेवून गवतात बसलो, तेव्हा कुठे ती पुन्हा चरायला लागली.

माळाचं देणं सराट्यांच्या रूपानंही मिळालं. सराटा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वरच असतो. भाचीचं मागचं चाक बसलं. ट्यूब काढून ओठांजवळ फिरवली, हवा ओठाला लागली तिथं पॅच लावला. टायर आतून बोटांनी चाचपायला ती विसरली होती, त्यामुळे दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. काटा टायरमध्येच होता. आता ती हे कधी विसरणार नाही.

नळदुर्गात पूर्वी आईवडिलांबरोबर दोनदा आलेय, दोन्ही वेळा गाडीनं. तेव्हा किल्ला म्हणजे तटबंदी आणि उपळ्या बुरूज एवढंच होतं. या वेळी बोरी नदीच्या बाजूनं आले. कातळाच्या पठाराला नदीनं घातलेला वळसा चाकाखालच्या उताराचढातून जाणवत होता. म्हणून मग आत पाणीमहालापाशी उभी राहिले तेव्हा तो महाल खऱ्या अर्थानं समजला.

किल्ला आणि शेजारचा रणमंडळ हा छोटा किल्ला यांच्यामध्ये नदीवर दगडी बंधारा आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल. इब्राहिम आदिलशाह दुसऱ्याच्या काळातलं, इ.स. १६१३ च्या सुमाराचं हे काम. पावसाळ्यात नर आणि मादी अशा दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं, आणि महालाच्या खिडकीत उभा असलेला माणूस कोरडा राहतो. आज पाणी कोसळत नव्हतं. आतल्या जिन्यानं उतरलो तसा गारवा वाढत गेला. भिंतीवर तळहात ठेवला. दगड थंडगार, किंचित ओलसर, आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यात नखही शिरत नाही. पलीकडे सगळं पाणी उभं होतं. चारशे वर्षं ही भिंत पाण्याला रेटा देऊन उभी आहे.

त्याच भिंतीवर टोकदार दगडानं नावं आणि बदाम खरडलेले. फार वाईट वाटलं.

तिथं बसल्या बसल्या मनात एक गोष्ट जुळत गेली. परवा संगम, आज बंधारा. सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सगळ्यांच्या हातून खोदून घेतलेला तलाव, ज्याच्या काठानं मी रोज शाळेत शिकवायला जाते. आमच्या कोरड्या मुलखात जिथं जिथं पाणी अडलं, तिथं तिथं माणसांनी जीव ओतून काहीतरी घडवलंय. सह्याद्रीत पाऊस भरपूर, तिथं किल्ले डोंगरमाथ्यावर. आमच्याकडचं जुनं बघायचं तर नदी धरून जायला हवं, आणि नदीकाठी मोठा रस्ता क्वचितच असतो. असतात त्या पाणंदी. आमच्या ग्रुपमधले लोक सायकली गाडीवर बांधून साताऱ्याकडे जातात, जाऊ देत. मी त्यांना हा मार्ग दाखवणार आहे.

मुक्काम अणदूरला. इथला खंडोबा वर्षातले बरेचसे महिने अणदूरला असतो आणि उरलेला काळ नळदुर्गला जातो. देव दोन गावांनी वाटून घेतलाय. मैत्रिणीच्या सासूबाई हे सांगत होत्या आणि भाची जेवता जेवता बसल्या जागी झोपली.


२८ डिसेंबर, रविवार, घरी

थोडक्यात लिहिते. नळदुर्ग ते तुळजापूर बालाघाटाचे चढउतार, सीताफळीची झुडपं, समोरून वारा. तुळजापुरात भवानीचं दर्शन झालं. घाट उतरताना भाचीला एकच सांगितलं, ब्रेक दाबून धरू नकोस, दाब, सोड, दाब, सोड. खाली थांबलो तेव्हा तरीही डिस्कमधून जळका वास येत होता.

याच रस्त्यानं वडील कोजागरीला सोलापुराहून चालत तुळजापूरला जायचे, गिरणीतली पाळी संपवून. मी नऊ वर्षांची असताना एकदा हट्टानं त्यांच्याबरोबर निघाले आणि निम्म्या वाटेवर त्यांच्या खांद्यावर झोपले. ते गेल्याला या मार्चमध्ये चार वर्षं होतील. आज घाटाच्या पायथ्याशी पाणी पीत उभी राहिले तेव्हा त्यांच्या धोतराला येणारा सुताचा वास आठवला.

हिप्परग्याला तलावावर थांबलो. १८७१ सालचा हा एकरुख तलाव. उथळ पाण्यात पट्टकादंब पक्षी उतरले होते, हिमालय ओलांडून आलेले. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या उघड्या डोळ्यांनी दिसत होत्या. भाचीनं फोटो काढला नाही, नुसती बघत बसली.

आत्ता अंगणात सायकल उलटी करून धुतली. मागच्या टायरमधून सहा सराटे निघाले, पुढच्यातून दोन. चेनला तेल दिलं. पुढच्या सुट्टीला माचणूर, भीमेकाठचं सिद्धेश्वर. औरंगजेबाची छावणी जिथं पडली होती ते ब्रह्मपुरीही तिथंच. भाचीचा निरोप आलाय, नव्या ट्यूब तीन आणू की चार? चार आण म्हटलं.